दादाचं नाव वर घेतलं

विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात माझं टेबल सभापतींच्या आसनाच्या अगदी खाली. मी प्रतिवेदक. समोरचे लोक जे बोलतील ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि स्वतः तोंडातून ब्र काढायचा नाही. बावीस वर्षं हेच करतेय. नवरा म्हणतो, तिथलं साठलेलं सगळं घरी आमच्यावर निघतं. निघू दे, कुठेतरी निघायलाच हवं.

आमचा दिवस ठरलेला. आधी शोकप्रस्ताव, मग प्रश्नोत्तरं, मग अहवाल सभागृहासमोर ठेवायचे, मग विधेयकं. आणि सगळ्यात शेवटी, कुणाला घरी जायची घाई नसलीच तर, गौरवाचे प्रस्ताव. निवृत्त शिक्षिका, अग्निशमन दलाचे जवान, परिचारिका. बिचारे इस्त्रीचे कपडे घालून, सगळं घर घेऊन वर प्रेक्षक सज्ज्यात येऊन बसतात. खाली आमची मंडळी विधेयकावरून एकमेकांच्या उरावर बसतात, सभापती घंटा वाजवून वाजवून दमतात आणि कामकाज तहकूब करतात. गौरव राहिला तो राहिलाच, पुन्हा सूचना द्या, पुन्हा रांगेत या. शोकप्रस्ताव मात्र आजवर एकही राहिलेला नाही. मेलेल्या माणसाला आमच्याकडे पहिला नंबर असतो.

माझा मोठा भाऊ पाणीपुरवठ्यात चावीवाला होता. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीने फिरवायचे, या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं चालू, असं छत्तीस वर्षं केलं त्याने. शेवटी शेवटी त्याला शुद्धीकरण केंद्रावर टाकलं होतं. तिथे एका दुपारी क्लोरीनचा सिलिंडर गळायला लागला. वारा शाळेच्या बाजूला होता. मास्क कपाटात, आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात, आणि साहेब जेवायला गेलेले. दादाने ओला टॉवेल तोंडाला बांधला, आत गेला, सिलिंडर बंद केला आणि रांगत बाहेर आला. शाळेतल्या एकाही मुलाला साधा ठसका लागला नाही. दादाच्या फुफ्फुसांची मात्र चाळण झाली.

चौकशी झाली. अहवालात काय यावं? सिलिंडर कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे गळला. कर्मचारी म्हणजे दादा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! किल्ली खिशात घालून जेवायला गेलेले साहेब वर चढले, आणि दादाचे जुने सोबती रस्त्यात त्याला पाहून पलीकडच्या फुटपाथवर जायला लागले.

डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन तीन-चार महिने सांगितले. दादाला कुणी सांगितलं नाही, पण त्याला काय कळत नव्हतं? एकदा तो मला म्हणाला, "ठमे, मला हार नको, शाल नको. सरकारच्या एका तरी कागदावर लिहून पाहिजे, की मी तो बंद केला. मी गळवला नाही, मी बंद केला. तेवढं मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

त्याने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी आमच्या भागाच्या आमदारबाईंच्या मागे लागले. बाई चांगल्या, पण कामात बुडालेल्या. म्हणाल्या, गौरवाच्या प्रस्तावाचा मसुदा तूच लिहून आण, मी मांडते. मी लिहिला. त्यात एकच वाक्य महत्त्वाचं होतं: "जिवाची पर्वा न करता त्यांनी गळणारा सिलिंडर स्वतः बंद केला व शेकडो मुलांचे प्राण वाचवले." बाकी सगळा सरकारी मालमसाला.

तीनदा कामकाजपत्रिकेवर नाव आलं, तीनदा दादा आला. सज्ज्याला चौसष्ट पायऱ्या. लिफ्ट आहे, पण ती सदस्यांसाठी. दर दहा पायऱ्यांना तो कठड्याला धरून उभा राही आणि वहिनी त्याची पाठ चोळत राही. तिसऱ्या वेळी त्याच्याबरोबर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, तो पहारेकऱ्याने दारातच ठेवून घेतला. सज्ज्यात वस्तू नेता येत नाहीत म्हणे. दादा हसला. "सिलिंडरचं आणि माझं मागच्या जन्मीचं वैर दिसतंय," म्हणाला. मला हसू येईना. त्या दिवशी तो चार तास बिनाऑक्सिजनचा बसला, आणि रस्त्यांच्या टोलवरून सभागृह तहकूब झालं.

अधिवेशनाचा एकच दिवस उरला. मी कामकाज शाखेत गेले. तिथला कक्ष अधिकारी कुठल्याही कामाला 'आज-उद्या करतो' म्हणतो, म्हणून आम्ही सगळे त्याला आजउद्या म्हणतो. माणूस वाईट नाही. मी त्याच्यापुढे अक्षरशः हात जोडले. "काहीही कर, पण उद्या माझ्या भावाचं नाव वर घे. शेवटी ठेवलंस तर नाही व्हायचं. त्याच्याकडे पुढचं अधिवेशन नाही रे."

"घेतो," तो म्हणाला. पहिल्यांदाच आज नाही, उद्या नाही, नुसतं घेतो. मला एवढा आनंद झाला की मी घरी जाताना दादाला फोन करून सांगितलं, उद्या सकाळीच ये, नाव वर घेतलंय.

सकाळी छापील पत्रिका मी वाचली नाही. लिहून घ्यायला पहिला नंबर माझाच होता, पेन्सिली घेऊन धावत टेबल गाठलं. वर पाहिलं. दादा पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. माझ्याकडे पाहून त्याने हळूच मान हलवली.

सभापती उठले. "अतिशय दुःखी अंतःकरणाने मी शोकप्रस्ताव मांडतो." आधी एक माजी मंत्री, त्यांचं पानभर. मग एक माजी सदस्य, त्यांचं अर्धं पान. माझा हात चालला होता. "याशिवाय खालील लोकसेवकांच्या निधनाबद्दल हे सभागृह शोक व्यक्त करीत आहे," असं म्हणून सभापतींनी नुसती नावं आणि हुद्दे वाचायला घेतले. चौथं नाव दादाचं होतं.

माझा हात थांबला नाही. याची मला आजही लाज वाटते. बावीस वर्षांची सवय, कानात पडलं की कागदावर उतरतं. नाव, पाणीपुरवठा विभाग, छत्तीस वर्षं सेवा. बास. सिलिंडर नाही, शाळा नाही, बंद केला नाही. मला ओरडायचं होतं, अहो, तो वर बसलाय, जिवंत आहे! पण प्रतिवेदकाने सभागृहात तोंड उघडलं असं कधी कुणी ऐकलंय? मी मान वळवून आमदारबाईंचं आसन पाहिलं. रिकामं. त्यांना दुपारी यायचं होतं, गौरवाच्या वेळी.

सगळे उभे राहिले. सज्ज्यातलेही उभे राहिले, तसा नियमच आहे. दादाही उठला, कठडा धरून. दोन मिनिटं. मी उभी होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शेजारच्या सदस्यांना वाटलं असेल, बाई माजी मंत्र्यांसाठी किती रडतायत. मग मी बसले आणि नियमाप्रमाणे लिहिलं: "सन्माननीय सदस्य दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले."

माझी पाळी संपताच मी पायऱ्यांकडे पळाले. अर्ध्या जिन्यावर दादा बसला होता. वहिनी त्याची पाठ चोळत होती. "जित्या माणसाचं सुतक पाळलं या मेल्यांनी!" ती ओरडली. पहारेकरी तिला हळू बोला म्हणत होता.

"तू उभा कशाला राहिलास?" मी दादावर चिडले. दुसऱ्या कुणावर चिडणार होते?

"सगळे उभे होते गं. मेलेल्यांचा मान असतो." दम परत येईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "गॅसचं वाचलं नाही ना?"

"नाही."

"मग काय उपयोग," दादा म्हणाला. आणि कठडा धरून उरलेल्या पायऱ्या उतरायला लागला.

मी आजउद्याची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली. तो बिचारा पांढराफटक पडला. "तूच म्हणालीस ना, वर घे! वर तेवढाच एक विषय असतो. भावाकडे पुढचं अधिवेशन नाही म्हणालीस, मला वाटलं गेले." खरंच मीच म्हणाले होते.

टंकलेखन करताना मी सिलिंडरचं वाक्य आत घातलं. हो, घातलं. बावीस वर्षांत न बोललेला एक शब्द वाढवला नव्हता, तो वाढवला. तपासणाऱ्याने ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिलं आणि लाल शाईने काट मारली. मग मी दुरुस्तीचा अर्ज केला. आमदारबाईंनी पत्र दिलं. नियम असा, की सभागृहात वाचलेलं सभागृहातच दुरुस्त व्हायचं, म्हणजे पुढच्या अधिवेशनात. सरकारी काम अन् सहा महिने थांब. आमचं अधिवेशन साडेतीन महिन्यांनी होतं, म्हणजे तशी घाईच म्हणायची.

दादा रोज विचारायचा, कागद कुठवर आला? मी सांगायचे, उपसचिवांकडे गेला. मग, सचिवांकडे गेला. मग त्याने विचारणं सोडलं. अधिवेशनाला अकरा दिवस उरले असताना तो गेला. जुन्या सोबत्यांपैकी दोघे आले होते, ते दारातूनच परत फिरले.

सुतक संपवून मी कामावर आले तो अधिवेशनाचा पहिला दिवस. आजउद्याने माझ्याकडे न बघता फाइल पुढे सरकवली. तिच्यावर नव्या तारखेचा शेरा होता.

"संबंधित व्यक्तीचे निधन झाले असल्याने मूळ नोंद आता वस्तुस्थितीशी सुसंगत आहे. दुरुस्तीची आवश्यकता उरलेली नाही. अर्जदारास अवगत करून फाइल बंद करावी."

खाली अर्जदाराच्या सहीसाठी जागा सोडली होती. पिशवीत फोन वाजत होता, वहिनीचाच असणार, आज झालं का विचारायला. तेवढ्यात सभागृहाची घंटा झाली. पहिला नंबर माझाच होता, मी सही केली आणि आत गेले.