चार लाद्या बर्फ

लादीच्या खालच्या कडेपासून बोटभर वर मोहरीएवढा एकच बुडबुडा अडकला होता. बाकी बर्फ इतका नितळ, की त्यातून टेबलावरच्या कापडाचे चौकोन मोजता यावेत.

"पाणी दोनदा उकळलंय," ताई म्हणाली. "थर्माकोलच्या खोक्यात, झाकण न लावता ठेवलं. मग वरून खाली गोठत जातं आणि हवा तळाशी राहते. तळ मी कापून टाकला."

"ताई, बाटल्या गार करायच्यात," भाऊ म्हणाला. "लाद्या प्रदर्शनात नाही मांडायच्या."

आईचा ऐंशीवा वाढदिवस होता. चाळीस माणसं येणार होती. भाऊ विकतचा बर्फ आणायला निघाला होता, तेव्हा ताईनेच हट्ट धरला. चार दिवस, चार लाद्या. फ्रीजरमधले मटार शेजारणीकडे मुक्कामाला गेले. शाळेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं परीक्षानळ्या धुणारी ताई रोज पहाटे उठून फ्रीजर उघडून बघत होती.

खरी गोष्ट पर्समध्ये होती. डोंगरावरच्या एका संशोधन केंद्रात हिमनद्यांतून काढलेला बर्फ जपून ठेवतात. त्यांना मदतनीस हवी होती. पर्समधलं पत्र म्हणजे त्या नोकरीचं तिसरं बोलावणं. आधी दोनदा तिने 'यंदा जमणार नाही' असं कळवलं होतं. आईला सोडून कसं जायचं? घरात भाऊ होता, भावजय होती. पण आईच्या गोळ्यांपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळ्याचं उत्तर एकच असे, 'ताई आहे ना.' या वेळी उद्यापर्यंत कळवायचं होतं.

तिने मनाशी पैज लावली होती. केक कापेपर्यंत बर्फ टिकला, तर आज सांगायचं. अखंड लादी सावकाश वितळते. तिच्या हिशेबाने चार तास सहज निघाले असते. पैज आपण आधीच जिंकून ठेवली आहे हे तिला कळत होतं, आणि त्याची गंमतही वाटत होती.

साडेपाचला ती साडी बदलून आली, तेव्हा बाटल्यांच्या टबाशी भाऊ हातोडी घेऊन बसला होता. चारही लाद्यांचा चुरा झाला होता.

"तुकडे केले की पटकन गार होतं," तो खुशीत म्हणाला.

"आणि पटकन संपतं."

"अगं, चाळीस तर माणसं. किती पिणार?"

बाटल्या झकास गार झाल्या. पाहुणे वाहवा करत होते, आणि ताई दर दहा मिनिटांनी टबात हात घालून बघत होती. सव्वासातला शेवटचा तुकडा तिच्या बोटांतून निसटला. केक अजून खोक्यातच होता.

म्हणजे हरले. क्षणभर तिला बरंही वाटलं. उद्या कळवून टाकू, यंदा जमणार नाही.

"संपला?" भाऊ पलीकडून ओरडला. "ताईने कुठेतरी ठेवला असेलच. ताई आहे ना."

सगळे हसले. आईही हसली.

ताईचे हात गारठले होते. तिने हात पदराला पुसले आणि ती आईच्या खुर्चीसमोर जाऊन बसली.

"नाही ठेवला," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. "आई, मला डोंगरावरच्या केंद्रात नोकरी मिळाली आहे. एक तारखेला मी जातेय."