पाण्याखालचा ठोका

आवडाबाईच्या मुलाचा, दामाजीचा, सत्कार ठरला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच किडा वळवळू लागला: सत्कार नेमका कशाचा?

कोपरीला लागून असलेल्या कोळीवाड्यात तिने दोघातिघांना विचारून पाहिलं. एक म्हणाला, दामाजीने खाडीत बुडालेला ट्रक शोधून काढला म्हणून. दुसरा म्हणाला, छे, पाण्याखाली जाऊन पुलाचे खांब तपासले म्हणून. तिसऱ्याने तर दामाजीला थेट आरमारात भरती करून टाकलं. पाणबुड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष बाबुराव आमंत्रण घेऊन घरी आले, तेव्हा 'स्कूबा डायव्हिंगच्या क्षेत्रातील भरीव योगदान' असं काहीसं बोलले. भरीव म्हणजे काय, हे विचारायच्या आत चहा पिऊन निघूनही गेले. मोठ्या माणसांचं हे असंच. मोठा शब्द ठेवतात आणि चपला घालतात.

"आये, शाल तूच घालायची हाय," सून मालू म्हणाली.

"बघू," आवडाबाई म्हणाली.

या 'बघू'च्या मागे बारा वर्षं होती. नवरा गोमाजी काविळीने गेला आणि वर्ष सरायच्या आत दामाजीने बापाची होडी उत्तनच्या एका माणसाला विकली. त्यातून हवा भरायचं यंत्र आणलं, कोपरीत गाळा घेतला आणि पाणबुड्यांचं दुकान थाटलं. पाठीला बांधायच्या हवेच्या टाक्या, काचेचे मुखवटे, रबराचे कपडे. तेव्हापासून आवडाबाई त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. मुलाशी ती बोलायची, त्याला जेवायला वाढायची, आजारी पडला तर उशाशी बसायची. पण दुकानाचा विषय निघाला की उठून मासळी साफ करायला घ्यायची. दामाजी बापासारखाच घुमा. आई विचारत नाही तर आपण कशाला सांगा, असं करत तोही गप्प राहिला.

त्या होडीत तिचं काय अडकलं होतं, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या तरुणपणी बंदरावर चारचौघांत बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. बाकीचे पुरुष पोराचं नाव घेऊन ओरडायचे, नाहीतर शीळ घालायचे. गोमाजीला तेवढाही धीर नव्हता. पहाटेच्या धुक्यातून होडी काठाकडे येऊ लागली की तो वल्ह्याचा दांडा होडीच्या फळीवर आपटायचा. टक टक. जरा थांबून, टक. मी आलोय, बरा आहे. टोपली घेऊन उभ्या असलेल्या आवडाबाईला वाटायचं, आपलंच नाव पाण्यावरून येतंय. नवरा गेला, मग होडी गेली, आणि तिला तशी हाक मारणारं जगात काही उरलं नाही. आता ती होडी ज्याच्यापायी गेली, त्यासाठीच लोक शाल द्यायला निघाले होते. मग ते काय आहे, हे तिला कळायलाच हवं होतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी ती उठली आणि कुणाला न सांगता सरळ दुकानात गेली. रिकाम्या हाताने कशी जाणार? होडी पाण्यात लोटताना तिला हळदकुंकू, फूल आणि धूप द्यायची घरची रीत. होडीच्या जागी यंत्र आलं, तर मान त्याचा. राग मुलावर होता, यंत्राने काय घोडं मारलं होतं?

मालू गल्ल्यामागे बसली होती. सासूला दारात बघून ती ताडकन उठली. "आये, बस, मी च्या सांगून येते," म्हणत ती बाहेर पळाली. मागच्या खोलीत यंत्र धडधडत होतं आणि त्याला जोडलेली पिवळी टाकी भरत होती. आवडाबाईने यंत्राच्या चारी बाजू बघितल्या. हे हवा घेतं कुठून? कमरेएवढ्या उंचीवर एक नळी तोंड उघडून बसली होती. तिने पदर लावून पाहिला तर पदर आत ओढला गेला. "हं, म्हनजे ह्ये तोंड," ती पुटपुटली. देवाला धूप दाखवायचा तो तोंडासमोरच. तिने तिथे कुंकवाचं बोट लावलं, फूल ठेवलं आणि धुपाटणं पेटवून नळीपुढे मन लावून ओवाळलं. मालूच्या चपला वाजल्या तशी धुपाटणं विझवून पदराखाली घेतलं आणि चहा पिऊन, दामाजीला सांगू नको असं मालूला बजावून निमूट घरी आली.

संध्याकाळी कोलशेतच्या एका कंपनीच्या कॉलनीत, तिथल्या तरणतलावाच्या काठी कार्यक्रम होता. खुर्च्या, कनात, लाऊडस्पीकर. बाबुरावांनी बरंच लांबण लावलं. भाषणातून आवडाबाईच्या हाती एवढंच आलं की गढूळ पाण्यात पाणबुड्यांची चुकामूक होऊ नये म्हणून दामाजीने काहीतरी पद्धत बसवली, आणि ती आता मालवणपासून गोव्यापर्यंत शिकवतात. पद्धत कसली, ते काही बाबुराव बोलले नाहीत. आधी प्रात्यक्षिक होणार होतं, शाल नंतर.

दामाजी आणि त्याचे तीन शागीर्द तलावाशी आले. चौघांच्या मुखवट्यांच्या काचांवर काळं कापड चिकटवलेलं.

"ह्यांना दिसंल कसं?" आवडाबाईने विचारलं.

"नायच दिसत," मालू म्हणाली. "खाडीत तरी कुठं दिसतं?"

दामाजी पाण्यात उतरला आणि लगेच खोकत वर आला. त्याने मुखवटा कपाळावर सारला, तोंडातली नळी काढली, हुंगली, पुन्हा हुंगली.

"काय झालं?" बाबुराव धावले.

"हवेला धूप लागलाय."

"काय लागलाय?"

"धूप! देवाचा धूप!"

लोक हसले. दामाजी मात्र हसला नाही. तो वास त्याच्या लहानपणचा होता, होडीवरचा, आणि तसा धूप घालणारं घरात एकच माणूस होतं. त्याने खुर्च्यांकडे नजर टाकली. आवडाबाई तलावाच्या फरशा मोजत असल्यासारखी खाली बघत होती.

"आये," तो पाण्यातूनच म्हणाला, "दुकानात आलेलीस?"

"मशिनीला दावला जरासा," ती म्हणाली. "त्यानं काय बिघडलं?"

"मानूस बेशुद्ध परंल ना गं अशा हवेनं!" तो ओरडला खरा, पण बारा वर्षांनी आई दुकानात आली होती. त्याने ती पिवळी टाकी बाजूला ठेवायला सांगितली, दुसरी पाठीला बांधली, तोंड धुवायच्या निमित्ताने डोळे धुतले आणि पुन्हा बुडी मारली.

चौघं तलावाच्या चार कोपऱ्यांत गेले. वरून नुसते बुडबुडे दिसत होते. लाऊडस्पीकरवर सनई लागलेली. बघता बघता आंधळे चौघं चाचपडत एकमेकांकडे सरकू लागले.

"त्यांना कलतं कसं कोन कुठं हाय?"

"आवाजानं, आये. टाकीवर ठोकतात."

"कसं ठोकतात?"

"ते खालीच आयकू येतं. वर नाय."

आवडाबाईला मग काही बसवेना. आयुष्यभर तिने पाण्याच्या काठावर उभं राहून वाट बघितली होती; पाण्याखाली काय असतं ते आधी नवऱ्याने सांगितलं नाही, मग मुलाने. ती उठली, लुगड्याचा काचा घट्ट केला आणि पोलादी शिडीला धरून पायऱ्या उतरू लागली.

"अहो आजी, अहो!" बाबुराव हातवारे करू लागले.

"तुमी थांबा वो," म्हणत तिने नाक दाबलं आणि डोकं पाण्याखाली घातलं.

सनई तुटली. लोकांचा गलबला गेला. आधी तिला स्वतःच्या कानांतली धडधड ऐकू आली. मग अगदी जवळून, जणू कानाशी तोंड लावून कुणी बोलावं तसं आलं. टक टक. जरा थांबून, टक.

ती झटक्याने वर आली. श्वास घेतला, पुन्हा खाली गेली. टक टक. टक. दुसऱ्या बाजूने उत्तर आलं, मग तिसऱ्या बाजूने. कुठल्या कुठल्या गावची ती पोरं, तिला ओळखतही नव्हती, आणि काळोखात एकमेकांना तिच्या नावाने हाक मारत होती. मी आलोय, बरा आहे. लहानपणी बापाबरोबर होडीत बसणाऱ्या दामाजीने ते ऐकलं होतं आणि जपलं होतं.

बंदरावर तिने त्या हाकेला कधी ओ दिली नव्हती. बायकांनी द्यायची रीतच नव्हती. आता तिने बोटातली चांदीची अंगठी शिडीच्या दांड्यावर आपटली. टक टक. जरा थांबून, टक.

पाण्याखाली एक ठोका अर्ध्यातच थांबला. मग एक काळी आकृती चाचपडत शिडीकडे आली. त्या आकृतीच्या हाताला आधी लुगड्याचं टोक लागलं, मग पाऊल. दामाजीचा हात त्या पावलावर तसाच राहिला. कितीतरी वेळाने तो वर आला आणि त्याने मुखवटा काढला.

आवडाबाईचे केस गळत होते, लुगडं अंगाला चिकटलं होतं, आणि ती लहान मुलीसारखी रडत होती.

"मना वाटलेलं, तू त्यांची होरी इकलीस," ती म्हणाली.

तिने काठावरच्या बाबुरावांकडे हात केला. "आना ती शाल इकरं."

"आजी, स्टेजवर घालू ना. भिजेल ती."

"भिजू दे," आवडाबाई म्हणाली, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिने मुलाच्या खांद्यांवर शाल घातली.