बसल्या जागची नाडी

वर्गात एकवीस बाक होते, एक्केचाळीस मुलं होती, दोन पंख्यांतला एक चालू होता आणि मिहिरच्या वहीत चाळीस आकडे उतरवून झाले होते. एक्केचाळिसाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. सेकंदकाटा बारावर आला तसं त्याने मोजायला सुरुवात केली, आणि काटा फिरून पुन्हा बारावर आला तेव्हा थांबला. एकशे चौदा.

त्याने पुन्हा मोजलं. एकशे सोळा. मग दुसरा हात मागितला. पुन्हा एकशे चौदा.

"आत्ता पळत आलीस का?"

"न्हाई सर," ज्ञानेश्वरी म्हणाली. "हितंच बसलेय. सकाळपासून."

तो आकडा लिहून घेत होता तोवर तिचं मनगट तसंच, तळवा वर करून, बाकावर पडून राहिलं. सांगितल्याशिवाय उचलावं की नाही, हे तिला ठरवता येत नसावं.

दुसरं सत्र सुरू होताना मुख्याध्यापिका विनीता मॅडमनी प्रत्येक वर्गशिक्षकाला एक कोरी फाइल दिली होती. वर नाव होतं, विद्यार्थी स्वास्थ्य. वार्षिक परीक्षा जवळ आली की मुलं दबून जातात, तेव्हा ज्याने त्याने आपल्या वर्गाकडे नीट बघावं आणि अहवाल द्यावा, असं मॅडमचं म्हणणं. बाकीच्यांनी 'समाधानकारक' असं लिहून फाइली दुसऱ्या दिवशीच परत केल्या. मिहिर नांदेडला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून आला होता, रेणापूरच्या या शाळेत त्याचं दुसरं वर्ष होतं, आणि समाधानकारक हे कुठल्या एककात मोजायचं ते त्याला कळेना. शेवटी त्याने नाडी धरली. नाडीला एक घड्याळ पुरतं, आणि आकडा कुणाची बाजू घेत नाही.

वर्गाची सरासरी सत्त्याण्णव आली. नववीतल्या मुलांची बसल्या जागी सत्तर-ऐंशी असली म्हणजे ठीक. वर्ग दबलेला आहे, असं त्याने फाइलमध्ये लिहिलं आणि खाली आकड्यांचा तक्ता जोडला. पण ज्ञानेश्वरीचे एकशे चौदा त्या दबलेल्या वर्गातही वेगळे उठून दिसत होते.

ते नुसते फाइलमध्ये राहिले असते तर एक वेळ चाललं असतं. पण येत्या रविवारी नांदेडजवळ विष्णुपुरीला खो-खोचे सामने होते, आणि खेळणाऱ्या प्रत्येक मुलीच्या फॉर्मवर एक ओळ होती: विद्यार्थिनीची प्रकृती खेळण्यास योग्य आहे. त्याखाली वर्गशिक्षकाची सही. नववी 'ब'च्या तीन मुली संघात होत्या. मिहिरने दोन फॉर्मवर सही केली आणि तिसरा वहीत ठेवला.

ज्ञानेश्वरीला त्याने स्टाफरूमच्या दारात बोलावून सांगितलं. घाबरण्यासारखं काही नसेलही, पण खात्री झाल्याशिवाय तिला सामन्यात पळू देणं बरोबर नाही. घरी सांगून डॉक्टरांना दाखवावं. आपणही रोज मोजत राहू. तिने सगळं ऐकून घेतलं. खुंटावरून तिच्यासारखी वळणारी मुलगी तालुक्यात नाही, असं सगळे म्हणत. ती रडेल अशी त्याला धास्ती होती. ती रडली नाही.

"किती पायजे सर?" तिने विचारलं.

"काय किती?"

"नाडी. किती आली की सही हुती?"

त्याने याचा विचार केलेला नव्हता. "नव्वदच्या आत," तो म्हणाला.

"बरं सर," ती म्हणाली, आणि जिना एकेक पायरी थांबत उतरली.

त्या दिवसापासून ती नव्वदच्या मागे लागली. चहा सोडला. मधल्या सुट्टीत बाकावरून हलेना. मिहिर वही घेऊन आला की आधीच डोळे मिटून, ओठ हलवत बसलेली असायची. काय पुटपुटतेस विचारल्यावर तेराचा पाढा म्हणते, असं तिच्या शेजारणीने सांगितलं. मंगळवारी एकशे बारा. बुधवारी सकाळी एकशे दहा, दुपारी एकशे अठरा. जितकी काळजी घ्यावी तितकी नाडी वरच चाललेली. मिहिरला काही उमजेना. त्याने वेळ बदलून पाहिली, जागा बदलून पाहिली, प्रयोगशाळेत नेलं, ग्रंथालयातल्या गार खोलीत बसवलं, पाणी पाजून मोजली, डबा खाण्याआधी मोजली.

बुधवारी व्यंकट सर त्याला व्हरांड्यात गाठायलाच आले. तीस वर्षं ते या शाळेत खेळ शिकवत होते आणि शिट्टी गळ्यात नसली तरी तिथे हात जायचा.

"मिहिर सर, नाडी बघायलाव का पंचांग? पोरीचा मुहूर्तच निघंना की तुमच्याकडून."

मिहिरने वही उघडून आकडे दाखवले. व्यंकट सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, आणि खिशातून चुरगळलेली डायरी काढली. सराव झाला की पाच मिनिटांनी ते प्रत्येक मुलीची नाडी बघत. ही त्यांची जुनी सवय. ज्ञानेश्वरी, सोमवार, शहात्तर. मंगळवार, शहात्तर. पळून पाच मिनिटांनी.

"तुमच्याकडं एकशे बारा, माझ्याकडं शहात्तर. पोरगी तर एकच हाय. दोन काळजं हायत का तिला?"

दोघांपैकी कुणाचं तरी मोजणं चुकतंय, असं मिहिरने अगदी नम्रपणे सुचवलं. मग तिथेच व्हरांड्यात दोघांनी मिळून मिहिरचीच नाडी धरली, एकाने डाव्या हाताची, एकाने उजव्या. व्यंकट सरांचे सत्तर आले, मिहिरचे एक्काहत्तर.

"बोटात तर काय बी खोट न्हाई," व्यंकट सर म्हणाले. "शुक्रवारी शाळा सुटताना फॉर्म घेऊन निघणार हाय मी. सही नसंल तर पंच तिला मैदानात उभी करून घेईल का?"

गुरुवारी ज्ञानेश्वरीची आई आली. सगुणाबाई सोयाबीनच्या गोदामात कामाला जात. खाडा करून लेकीला लातूरला नेऊन आल्या होत्या. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून ईसीजीची लांब पट्टी काढली आणि टेबलावर दोन्ही हातांनी सरळ करून धरली. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं: नाडी अठ्ठ्याहत्तर, दोष नाही.

"डागदर म्हनले, पोरीचं काळीज घोड्यावानी हाय. फिकीर करू नका."

"तिथे ती घाबरली होती का, मावशी?"

"कशाला घाबरंल? हसायली हुती. छातीला चिमटे लावले तर गुदगुल्या व्हायल्या म्हनली."

"इथे मात्र एकशे दहाच्या खाली येत नाही."

सगुणाबाई वहीतल्या आकड्यांकडे बघत राहिल्या. त्यांना ते वाचता येत होते की नाही, मिहिरला सांगता आलं नसतं.

"तुमी शिकलेले मान्सं," त्या शेवटी म्हणाल्या. "खोटं कशाला सांगताव. पर सर, तुमचं घड्याळ एकदा बघा की."

त्यात टोमणा नव्हता. त्या गेल्यावर मिहिरने वर्गातलं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं. एका तासात एका सेकंदाचाही फरक पडला नाही.

शुक्रवारी तिसऱ्या तासाला तो नववी 'ब'वर गेला. व्हरांड्याच्या टोकाला असतानाच आतला कलकलाट त्याला ऐकू येत होता. तो दारात आला आणि नळ बंद करावा तसा आवाज थांबला. याबद्दल शेजारच्या वर्गावरचे शिक्षक त्याचं कौतुक करत. छडी तर शाळेतच नव्हती, आणि मिहिरने दोन वर्षांत आवाजही चढवलेला नव्हता. उत्तर चुकलं तर तो रागवत नसे. थांबे, वहीत काहीतरी लिही, आणि पुढच्याला विचारी. दर शनिवारी मागच्या भिंतीवर एक कागद लागे: नाव, आठवड्याच्या चाचणीचे गुण, या गतीने गेल्यास वार्षिकला किती टक्के, तेही दशांशापर्यंत. कुणावर अन्याय नको म्हणून.

शिकवून झाल्यावर त्याने ज्ञानेश्वरीची नाडी पाहिली. एकशे चौदा.

तिने डोळे उघडले. "हुयील सर," ती हळूच म्हणाली. त्याची समजूत काढावी तसं. "अजून दुपार हाय की."

मधल्या सुट्टीत तो स्टाफरूममध्ये तक्ता घेऊन बसला. पंधरा ओळी झाल्या होत्या. प्रयोगाचा तक्ता आखायचा तर सगळे रकाने आखायचे, ही त्याची शिस्त: तारीख, वेळ, जागा, आधी काय खाल्लं, आधी काय केलं, कोणता हात, आकडा, मोजणारा. कशामुळे काय होतं ते शोधायचं असेल तर काय बदललं आणि काय बदललं नाही ते पाहायचं. त्याने पेन्सिल घेतली. वेळ बदललेली होती. तो रकाना त्याने खोडला. जागा बदललेली होती. खाणं, पाणी, हात, सगळं बदललेलं होतं, आणि आकडा शंभराच्या वरच. एकेक करत तो शेवटच्या रकान्याशी आला. पहिल्या ओळीत 'मि.' असं लिहिलेलं होतं. खाली चौदा ओळी नुसत्या वरीलप्रमाणेच्या खुणा.

शेजारी कुणीतरी डब्यातली लसणाची चटणी पुढे केली. त्याने घेतली, आणि ती पोळीच्या काठावर तशीच राहिली.

पावणेचारला मैदानावर सराव संपत होता. मिहिरने व्यंकट सरांना बाजूला बोलावून एक काम सांगितलं. ज्ञानेश्वरी पाच मिनिटं बसली की तिची नाडी धरायची. मी गेटातून आत पाऊल टाकलं की मोजायला लागायचं, आणि पंधरा-पंधरा सेकंदांचे ठोके वेगवेगळे लिहायचे. चार आकडे. तिला काही सांगायचं नाही. गेटापासून खुंटापर्यंत ऐंशी मीटर होतं. नेहमीच्या चालीने मिनिट लागे.

"हे कशाचं माप हाय?" व्यंकट सरांनी विचारलं.

"बघायचंय मला," मिहिर म्हणाला.

तो गेटाबाहेर जाऊन उभा राहिला. वही नेहमीसारखी डाव्या काखेत होती. ज्ञानेश्वरी खुंटाला टेकून, धुळीत पाय पसरून बसली होती. एका मुलीने काहीतरी म्हटलं तशी तिने तिच्या पाठीत धपका घातला. व्यंकट सर शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी तिचा हात धरला. मिहिर आत शिरला आणि चालू लागला. अर्ध्या वाटेवर असताना तिने त्याला पाहिलं. पसरलेले पाय तिने जवळ घेतले.

डायरीच्या पानावर चार आकडे होते: एकोणीस, एकोणीस, तेवीस, अठ्ठावीस.

मिहिरने ते दोनदा वाचले. मनातल्या मनात चाराने गुणलं. मग काखेतल्या वहीकडे पाहिलं. वही, असं त्याला वाटलं. वहीच असणार. इतकी साधी गोष्ट लक्षात यायला पाच दिवस लागले, म्हणून तो जरासा हसलाही. वहीतून त्याने तिसरा फॉर्म काढला, व्यंकट सरांच्या पाठीवर ठेवून सही केली आणि त्यांच्या हातात दिला.

"तिला सांगा," तो म्हणाला. "आणि दहा मिनिटांनी अजून एकदा मोजा. तसंच."

वही त्याने ऑफिसातल्या कपाटात ठेवली. खिशातलं पेन काढून वहीवर ठेवलं. थोडा विचार करून मनगटावरचं घड्याळही काढलं. परत गेटाशी आला तेव्हा मैदानावर बातमी पोचलेली होती. मुली ज्ञानेश्वरीची वेणी ओढत होत्या, ती सगळ्यांना ढकलत मोठ्याने हसत होती, आणि रविवारी विष्णुपुरीला पहिली कोण पळणार यावरून वाद चालला होता. तिला असं हसताना त्याने याआधी ऐकलं नव्हतं. हळूहळू सगळ्या शांत झाल्या, पाण्याच्या बाटल्या फिरल्या. व्यंकट सरांनी मोबाइल बघितला आणि तिचा हात पुन्हा हातात घेतला.

मिहिर मोकळ्या हातांनी आत शिरला. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून ते त्याने नुसते सोडून दिले. नेहमीच्याच चालीने चालला. निम्म्यावर आल्यावर तो तिच्याकडे बघून हसला, आणि शेवटचे वीस मीटर ते हसू त्याने तसंच धरून ठेवलं.

तो समोर येऊन उभा राहिला तेव्हा ती उठू लागली होती. व्यंकट सरांनी मिनिट भरेपर्यंत तिला खाली बसवून ठेवलं. मग त्यांनी डायरी पुढे केली. पानाकडे न बघता ते शिट्टीची दोरी सारखी करू लागले.

एकोणीस, अठरा, बावीस, सत्तावीस.