मैनाबाईत बसलेली देवी

सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याच साली मोर्शीकडच्या एका गावात पटकी आली. जमुनेचा नवरा जानराव कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेला होता. परतताना गावकऱ्यांनी त्याला शिवेवरच अडवलं. म्हाताऱ्यांनी तर उंबराही ओलांडायचा नाही, असं ठरलं होतं.

जमुनेची सासू मैनाबाई. सात घरची खबर घेतल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. शेजारची दुर्गाबाई तिची जुनी सोबतीण. पटकीनं गेलेल्या दुर्गाबाईला पहाटे उचललं तेव्हा जमुनेनं भीतीनं दार लावून घेतलं. कोण गेलं, हे सासूला सांगितलंही नाही. त्या दिवसापासून मैनाबाई कापसाच्या ढिगाआड भिंतीकडं तोंड करून बसली. बोलणं बंद, खाणं बंद.

योग असा, की नंतर चार दिवस गावात कुणी दगावलं नाही.

समोरची वच्छला दारातून डोकावली. "मरन थांबलं, अन् ही बोलेना, खाईना. मरीमायच बसली हिच्यात!"

मग बाया लिंबं, हिरवा चुडा घेऊन आल्या. अकरा वर्षांपूर्वी विधवा झालेल्या मैनाबाईचं कपाळ त्यांनी कुंकवानं माखलं. तिनं माखू दिलं.

जमुना ताट घेऊन निघाली तेव्हा अंगणातून खुशालराव पाटील म्हणाले, "काहून नेऊन राहिली? देवी जेवली तं उठून जाईन, अन् मरी वापस येईन."

"पाटीलबुवा, भाजीत मीठ कमी पडलं तं ही बाई चार दिस टोमणे मारे. देवी इतकी गप कशी बसली?"

कुणी हसलं नाही. वच्छला म्हणाली, "सासूचा पुळका आताच आला वाटते!"

जमुना ताटासकट माघारी फिरली. सहाव्या दिवशी तिनं सासूचा हात धरला, तर मनगट कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काडीसारखं लागलं. आणखी दोन दिवसांनी ही उरणार नव्हती. आणि हिला जेवू घातलं, अन् मागून गावात कुणी मेलं, तर ते मरण जमुनेच्याच माथी बसणार होतं. नवराही घरी नव्हता. तिनं दार लोटलं, पदरानं सासूच्या कपाळावरचं कुंकू पुसलं.

"आत्याबाई, दुर्गामावशी गेल्या. मीच दार लावलं. भेव वाटलं मले."

"माहीत हाय," मैनाबाई म्हणाली. "पानी तरी पाजलं काय तिले कोनी?"

"त्यांच्या सुनेनं पाजलं."

तेव्हा मैनाबाईनं दुर्गाबाईचं नाव घेऊन हंबरडा फोडला. अंगणातल्या बाया ऐकत राहिल्या. देवी असं रडत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्या लिंबं उचलून निघून गेल्या. जमुनेनं दुधात भाकर कुस्करून चार घास भरवले.

तिसऱ्या दिवशी खालच्या आळीतला शालिकराम दगावला.

त्यानंतर जमुना विहिरीवर आली, की बाया घागरी उचलून बाजूला होत. ती दुपारी, कुणी नसताना पाणी भरू लागली. मैनाबाई एखाद्या दिवशी अर्धी भाकर खाई, एखाद्या दिवशी भिंतीकडून तोंडही वळवत नसे. जमुना तिच्या पाठीशी ताट घेऊन बसून राही.