मी मळका नव्हतो: एका ट्रफची कैफियत

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हे तर जेवणाचे पांढरे ताट. खुशाल म्हणा. पण माझ्यात आजवर भाताचे शीतही पडलेले नाही. माझ्यात राहिले ते फक्त पाणी, आणि त्या पाण्यावर एकाच रेणूच्या जाडीची साय. मी टेफ्लॉनचा एक जुना ट्रफ, म्हणजे प्रयोगासाठी पाणी भरायचे उथळ तबक आहे. अंबरनाथच्या एका संशोधन संस्थेत राहतो. माझ्यावर एकदा आरोप झाला होता. तो मी मान्य केला नाही, आणि आजही करत नाही.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, हिंदुराव मिस्त्रींच्या पत्र्याच्या गाळ्यात झाला. संस्थेतल्या परदेशी ट्रफच्या काठाला खोल चीर पडली होती. नवा यायला आठ महिने लागणार होते, आणि अनुयाची शिष्यवृत्ती सहा महिन्यांत संपत होती. अनुया म्हणजे चामटोलीच्या शेतकऱ्याची मुलगी, आमच्या प्रयोगशाळेतली संशोधक. ती रिक्षातून टेफ्लॉनची जाड लादी मांडीवर घेऊन गाळ्यावर आली.

"काठावर एक पण ओरखडा नको," ती म्हणाली.

हिंदुरावांनी लादी दाबून पाहिली. "मॅडम, हे मटेरियल नखरेवालं आहे. पकडलं की दबतं, सोडलं की फुगतं. घाई केली तर वाकडं होणार. चार दिवस लागतील."

"सहा घ्या. पण सरळ करा."

त्यांनी मला थोडे कापले, विसावू दिले, पुन्हा थोडे कापले. सहाव्या दिवशी माझ्या काठावर पट्टी आडवी ठेवली, तर खालून उजेडाची फटसुद्धा दिसली नाही.

आता माझे काम सांगतो. तुमच्या शरीरातली प्रत्येक पेशी चरबीच्या एका पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. अनुया ज्या जंतूचा अभ्यास करत होती, त्याच्या विषात एक प्रथिन होते. ते त्या पडद्याला नुसते चिकटते, असे सगळे मानत. अनुयाला वाटे, ते आत घुसते. पण पाहणार कसे? तो पडदा केसापेक्षा हजारो पट पातळ.

म्हणून ती माझ्यात शुद्ध पाणी भरी आणि वर चरबीचा एक थेंब सोडी. तो पसरून त्या पडद्यासारखा थर होई. माझ्या काठावरून सरकणाऱ्या दोन पट्ट्या त्या थरातल्या रेणूंना दाटीवाटीने उभे करत. मग त्यावर क्ष-किरण सोडायचे, तळ्यावर चपटा दगड फेकावा तसे अगदी सपाट. काही किरण थराच्या वरच्या अंगावरून परत येत, काही खालच्या. कुठे ते एकमेकांना साथ देत, कुठे एकमेकांना मारत. त्यामुळे परतलेल्या किरणांच्या आलेखात खळगे पडत. खळगा कुठे पडला त्यावरून थराची जाडी कळे.

पण पहिले तीन आठवडे एकही खळगा दिसला नाही. बाहेरच्या रस्त्यावरून कारखान्यांचे टँकर जात, माझ्यातले पाणी थरथरे आणि किरण विखुरत.

"लोकल माल आहे, अनुया," विभागप्रमुख धर्मेश सर म्हणाले. "नवीन येईपर्यंत थांब."

"तेवढा वेळ माझ्याकडे नाही, सर."

तिने हिंदुरावांना बोलावले. टँकर जाताना त्यांनी माझ्यातले पाणी पाहिले. मग म्हणाले, "पाणी जास्त भरताय तुम्ही. खोल पाण्यात लाट नाचते. उथळ करा, तिला जागाच नाही मिळणार."

अनुयाने माझ्या पोटात काचेची जाड पट्टी ठेवली. तिच्यावर पाणी उरले ते कागदाच्या दोन-तीन पानांएवढे. टँकर गेला. पाणी हलले नाही. त्या दुपारी आलेखात पहिला स्वच्छ खळगा उतरला.

मग तिने पाण्यात ते प्रथिन सोडले. ते खाली नुसते चिकटले असते, तर थर चांगलाच जाड झाला असता. तो तेवढा वाढला नाही. म्हणजे प्रथिन चरबीच्या आत शिरले होते. दुपारी साडेतीनला अनुयाने डबा उघडला आणि पोटभर जेवली.

विभागाच्या बैठकीत मात्र धर्मेश सरांनी तिचा आलेख बाजूला सारला. "हे प्रथिन नाही. गाळ्यात बनवलेल्या ट्रेमधला मळ मोजलास तू."

अनुयाचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "सर, उद्या ट्रे तुम्ही धुवा. पाणी तुम्ही भरा. सगळं तुम्हीच करा. मी हातसुद्धा लावणार नाही."

सर खरोखरच आले. हातमोजे घालून त्यांनी मला क्लोरोफॉर्मने तीनदा पुसले, मग शुद्ध पाण्याने धुतले. आधी नुसते पाणी मोजले. आलेख सरळ उतरत गेला, एकही खळगा नाही. म्हणजे माझ्यात मळ नव्हता. मग चरबी. मग प्रथिन. अनुया दारापाशी हाताची घडी घालून उभी होती.

खळगा अनुयाच्या आलेखातल्याच जागी पडला.

"परत एकदा," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच पडला. तेव्हा ते तिच्याकडे वळले. "मळ म्हणालो होतो. तो शब्द मी मागे घेतो." पुढच्या बैठकीत, सर्वांसमोर, त्यांनी तेच पुन्हा सांगितले.

पुढे परदेशी ट्रफ आला आणि मी कपाटावर गेलो. माझ्यात स्क्रू साठले, चिकटपट्टीचे तुकडे साठले. कित्येक वर्षांनी भंगाराच्या यादीत माझे नाव लागले. यादी सहीसाठी अनुयाकडे गेली, कारण आता ती तिथली शास्त्रज्ञ होती. तिने माझी ओळ खोडली.

"हा वापरात आहे," ती म्हणाली.

"कुठे मॅडम? कपाटावर?" कारकुनाने विचारले.

"सोमवारपासून."

सोमवारी बदलापूरच्या कॉलेजातले विद्यार्थी आले. मला धुऊन, पाणी भरून ठेवले होते. जिज्ञासा नावाच्या मुलीने पाहता पाहता पाण्याला बोट लावले. अनुया रागावली नाही. तिने किरण सोडले. शुद्ध पाण्याचा आलेख आणि हा आलेख शेजारी ठेवला. दुसरी रेषा वाकडी उतरली होती.

"मॅडम, हे काय आहे?" जिज्ञासाने विचारले.

"तुझं बोट."

जिज्ञासाने हातमोजे मागितले आणि मला पुन्हा पहिल्यापासून धुतले. तिसऱ्या वेळी रेषा सरळ आली.

मित्रांनो, मला जुना म्हणा, गावठी म्हणा, माझी हरकत नाही. पण एखाद्यावर मळकेपणाचा शिक्का मारण्याआधी त्याला स्वतःच्या हाताने धुऊन पाहा. आणि हातमोजे घालायला विसरू नका.