जाऊबाईंची वही

दोघी जावा एकाच घरात, एकाच दवाखान्यात, आणि नशीब असं की एकाच वॉर्डात. थोरली सिस्टर, धाकटी मदतनीस. थोरलीने इंजेक्शन द्यायचं, धाकटीने ट्रे धरायचा. घरी तेच, फक्त ट्रेच्या जागी भांडी. दोघींमधून विस्तव जात नव्हता, आणि हे वॉर्डातल्या बेशुद्ध पेशंटलाही ठाऊक असावं.

धाकटी दूरशिक्षणाने नर्सिंगची परीक्षा देत होती. दोनदा नापास झालेली. आता तिसरी आणि शेवटची संधी. या वेळी घसरली की नाव कटणार आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. म्हणजे आणखी तीन वर्षं थोरलीचा ट्रे.

नेमलेली पुस्तकं तिच्या आवाक्याबाहेरची. उरल्या दोन वाटा. दवाखान्यासमोरचा झेरॉक्सवाला ‘हमखास प्रश्नसंच’ स्वस्तात विकायचा. कोणी लिहिलाय असं विचारलं की म्हणायचा, “ताई, पास व्हायचंय की लेखकाशी सोयरीक करायचीय?” दुसरी वाट फुकट, म्हणूनच संशयाची: थोरलीची जुनी वही. एका संध्याकाळी थोरलीने ती आपणहून ओट्यावर आपटली.

“घे. सगळं पुस्तक उतरवलंय यात. तिसऱ्यांदा शोभा नको.”

असलं देणं कोण गोड मानून घेईल? धाकटीने वही आणि प्रश्नसंच शेजारी शेजारी ठेवले. आपल्याला पक्कं माहीत असलेलं एक उत्तर दोन्हीकडे शोधायचं. ज्याचं चुकेल तो खोटा. स्वतःच्या या हुशारीवर ती बेहद्द खूश होती. इंजेक्शन दिल्यावर सुईचं काय करावं? प्रश्नसंच म्हणत होता, टोपण लावून मग डब्यात टाकावी. वहीत होतं, ‘टोपण परत लावू नये. उघडी सुई थेट डब्यात.’ आणि खाली लाल शाईने तीन रेघा.

धाकटीचं डोकं सणकलं. वापरलेल्या सुयांचा डबा वॉर्डाच्या पार टोकाला, बेसिनशेजारी. तिथवर उघडी सुई घेऊन कोण चालेल? अख्खा वॉर्ड टोपण लावायचा. थोरली तर रोज लावायची, धाकटीने धरलेल्या ट्रेमधलंच टोपण उचलून! आणि वहीत म्हणे लावू नये. हा सरळसरळ केसाने गळा कापायचा डाव होता.

तिने वही थोरलीच्या पुढ्यात टाकली. “ठेवा तुमच्याकडेच. मी इतकी दूधखुळी नाही.”

“काय चुकलंय त्यात?”

“ते तुम्हालाच ठाऊक.”

दुसऱ्या दिवशी थोरलीने ती वही वॉर्डातल्या दुसऱ्या मदतनीस बाईला, त्याच परीक्षेला बसलेल्या चष्मेवालीला, देऊन टाकली.

प्रात्यक्षिकाला रबरी दंडावर इंजेक्शन द्यायचं होतं. धाकटीने ते झटक्यात दिलं. सुई बाहेर काढली, टोपण उचललं, सफाईने चढवलं. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं.

“थांबा इथंच.”

“पण बाई, आमच्या वॉर्डात...”

“तुमच्या वॉर्डात काय करतात ते मी विचारलं नाही. टोपण लावतानाच सुई बोटात घुसते. ही चूक केलेल्याला पुढे जाऊ देत नाहीत.”

चष्मेवाली पास झाली. धाकटीचं नाव कटलं.

निकालाच्या संध्याकाळी ती थोरलीवर तुटून पडली. “तुम्ही रोज लावता! तुमचं बघून लावलं मी!”

भाजी चिरणारा थोरलीचा हात थांबला. “लावते. डबा लांब आहे आणि पेशंट ढीगभर. एकदा घुसली बोटात. सहा महिने तपासण्या करत फिरले, घरात कुणाला कळू दिलं नाही. त्या लाल रेघा नंतरच्या आहेत.”

“मग मला सांगायला काय झालं होतं?”

“काय चुकलंय, असं विचारलं होतं मी तुला.”

धाकटीला स्वतःचाच इतका राग आला की ती जेवली नाही.

सकाळी वॉर्डात थोरलीने इंजेक्शन दिलं आणि न बघताच ट्रेकडे हात केला. ट्रेमध्ये टोपण नव्हतं. ते धाकटीच्या मुठीत होतं. आणि पलंगाला टेकून, चाकाच्या स्टुलावर, पार टोकावरून ढकलत आणलेला सुयांचा डबा उभा होता.

“टोपण दे.”

“नाही देणार.”

“पेशंटसमोर तमाशा नको.”

“मग टाका डब्यात. तुमच्याच वहीत आहे.”

थोरलीने तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. मग उघडी सुई डब्यात टाकली.

“आता हा डबा रोज तूच ढकलत आणायचा.”

“आणीन,” धाकटी म्हणाली. “तीन वर्षं आहे मी इथंच.”