सगळ्यात रडका फोन

बहीण-भावाच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीकडे एकच गिऱ्हाईक उरलं होतं, घरोघरी जाणाऱ्या नर्सेसची संस्था. जखमेचा फोटो काढताना अ‍ॅप नर्सेसच्या फोनवर अडकायचं. ऑफिसातल्या महागड्या फोनांवर मात्र लोण्यासारखं चालायचं. संस्थेच्या मॅनेजरबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत जमवा, नाहीतर आपलं संपलं."

मोबाइलच्या दुकानात भाऊ चकचकीत फोनांकडे वळला. "ताई, कामासाठी एक चांगला घेऊन टाकू."

"चांगल्या फोनांनीच आपला घात केलाय," ती म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली. "तुमच्याकडचा सगळ्यात रडका फोन द्या."

"अहो, तो लोक परत आणून देतात!"

"मग तोच द्या."

दुकानाच्या पायरीवर बसून तिने अ‍ॅप टाकलं आणि भावाचा फोटो काढला. स्क्रीन पांढरी झाली ती झालीच. इतके दिवस ती नर्सेसनाच नावं ठेवत होती. तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? सापडलं की!" भावाने मांडीवर लॅपटॉप उघडला. एवढा मोठा फोटो त्या फोनला झेपत नव्हता. तो आधी लहान करायला हवा होता.

ऊन उतरायच्या आत दुरुस्ती होऊन नर्सेसच्या फोनवर पोहोचली. मॅनेजरबाईंचा फोन आला. "आता छान चालतंय हो. पण वरच्यांनी दुपारीच दुसऱ्या कंपनीशी पक्कं केलं."

ती म्हणाली, "त्या नव्या कंपनीला सांगा, फोटो लहान करून घ्या. नाहीतर नर्सेस पुन्हा अडकतील."

"हेही फुकट दिलंस?" भावाने विचारलं.

"उन्हातान्हात त्याच फिरतात रे," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडू लागली.